अल ऐनचा उन्हाळा आणि आमची तीन बिलं

काही घरांत जुनी भांडी साठतात, काहींच्या बँकेत पैसे साठतात. आमच्या चौघांकडे किस्से साठतात. एरवी आम्ही अगदी सरळमार्गी माणसं. पण विजेचे किंवा पेट्रोलचे पैसे वाचवायला निघालो की काहीतरी होऊन बसतंच! वाचतात किती ते मात्र विचारू नका, आम्हालाही माहीत नाही.

चौघं म्हणजे मी, माझी बायको शैला, खालच्या मजल्यावरचा पास्कल डिमेलो आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या जोगळेकर मॅडम. सगळे अल ऐनकर, म्हणजे अबू धाबीकडच्या या वाळवंटी गावचे. मी इथल्या हॉस्पिटलच्या स्टोअरमधून रिटायर झालो. पास्कल मूळचा वसईचा, हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. बायको वारल्यापासून मुलाजवळ राहतो. जोगळेकर मॅडम शाळेत फिजिक्स शिकवायच्या, आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटलेलं नाही. उन्हाळ्यात इथे बाहेर चालायची सोय नसते, म्हणून सकाळी दुकानं उघडायच्या आधी आम्ही मॉलमध्ये चालतो. चालणं कमी, बोलणं जास्त.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र बोलण्याचा विषय एकच होता. आमचं बिल.

झालं असं की गेल्या ऑगस्टचं आमचं विजेचं बिल जावयानं चुकून पाहिलं. "बाबा, घरात बेकरी काढलीय का?" त्यानं विचारलं. मी हसलो, पण मुलगी हसली नाही. आमची मनू अबू धाबीत अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर राहते. नात शिकायला परदेशी गेल्यापासून तिच्याकडची एक खोली रिकामी आहे, आणि तेव्हापासून तिचं एकच टुमणं चालू होतं, "तुम्ही दोघं इकडे या."

मला जायचं नव्हतं. तेवीस मजले चढून गेल्यावर ओळखीचं कोण भेटणार? शैला नुसतीच "बघू" म्हणायची. शेवटी मनूनं अट घातली.

"ओके बाबा. वन समर. जून, जुलै, ऑगस्ट. बिल गेल्या वर्षीच्या निम्मं आणायचं, गाडी नीट चालवायची आणि मला एकदाही हेल्पसाठी फोन करायचा नाही. जमलं तर राहा तिथे. नाही जमलं तर यू आर कमिंग टू मी. खलास."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"बाबा, इन्शाल्ला इज नॉट अ प्लॅन," ती म्हणाली.

* * *

पहिलं काम म्हणजे एसी. आमच्या हॉलच्या भिंतीवर एसीचं बटण आहे, गोल, आकडे असलेलं. मी ते सव्वीसवर ठेवायचो आणि मी पाठ फिरवली की शैला बाविसावर आणायची. मग मला थंडी वाजायची, मी ते परत सव्वीसवर न्यायचो आणि तिला घाम फुटायचा. हा खेळ आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू होता.

यंदा मी कडक झालो. बटणावर पारदर्शक डबा चिकटवला आणि सांगितलं, "चोवीस! ना तुझं, ना माझं."

शैलानं अबोला धरला. दोन दिवस पोळ्या ताटात जरा जोरातच पडत होत्या. तिसऱ्या दिवशी एसी साफ करायला मेंटेनन्सचा माणूस आला. त्यानं तो डबा पाहिला आणि कुतूहलानं विचारलं, "सर, ये क्यूं ढक के रखा है?"

"मॅडम कम करती है," मी म्हणालो.

तो म्हणाला, "लेकिन सर, ये तो पुराना वाला है. इसका कनेक्शन कब का निकाल दिया. आपका असली वाला तो फ्रिज के पीछे है."

फ्रिज सरकवला. मागे खरंच एक बटण होतं. अठरावर.

आम्ही दोघं त्या बटणाकडे बघत उभे राहिलो. मला ज्या थंड्या वाजल्या आणि तिला जे घाम फुटले, ते सगळे नुसते आकडे वाचून! शैलाला आधी कंठ फुटला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण भिंतीशी भांडत होतो?"

"मी भिंतीशी," मी म्हणालो, "तू माझ्याशी."

* * *

दुसरी भानगड नळांची.

इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळल्यासारखं येतं. म्हणून इथली मुरलेली माणसं मेपासून गीझर बंद करून टाकतात. गीझर बाथरूममध्ये, एसीच्या गारव्यात. त्यात साठलेलं पाणी हळूहळू निवतं. त्यामुळे लाल नळाला थंड पाणी येतं आणि निळ्या नळाला कढत. बिलही वाचतं. आम्हाला याचं काही वाटेनासं झालंय.

पण जुलैमध्ये माझी मेहुणी आली नाशिकहून. तिला मी पहिल्याच दिवशी नीट समजावलं. "हे बघ रेखा, गार पाणी हवं असेल तर लाल नळ. गरम हवं असेल तर निळा. आणि गीझरच्या बटणाला हात लावू नकोस, ते बंद असलं की पाणी गार राहतं."

रेखानं माझ्याकडे बघितलं आणि मग शैलाकडे. शैलाला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "ताई, भावजींना कधीपासून असं होतंय?"

शैला हसत सुटली आणि नेमकं उत्तर द्यायचं राहिलं. रेखा माझी कीव करत बाथरूममध्ये गेली. तिनं शहाण्या माणसासारखा निळा नळ उघडला, आणि जी किंकाळी आली ती ऐकून खालून पास्कल धावत वर आला!

पुढचे पंधरा दिवस रेखा लाल नळानं अंघोळ करत होती. परत गेल्यावर नाशिकहून तिचा फोन आला. "भावजी, तुमच्यामुळे आज भाजले."

"आता काय केलं मी?"

"आमचा लाल नळ गरमच आहे हो!"

* * *

गाडीचं सांगतो. पेट्रोलचे नवे भाव इथे महिन्याच्या शेवटी जाहीर होतात. भाव वाढणार अशी नुसती कुजबुज झाली की आदल्या संध्याकाळी अख्खं गाव पंपावर. पास्कलला ही कुजबुज सगळ्यांच्या आधी कळते. कुठून कळते ते तो सांगत नाही.

जूनच्या शेवटी तो धावत आला. "साठेभाऊ, यल्ला, चल! उद्या वाढतंय. माझा सोर्स पक्का आहे!"

मी माझी गाडी काढली, त्यानं त्याची. दोघांच्या टाक्या पाऊणच्या वर भरलेल्या होत्या, पण संधी सोडायची नाही हा आमचा बाणा. पंपावर ही रांग! बाहेर इतका उकाडा की एसी बंद करायची सोय नाही, आणि एसी चालू म्हणजे इंजीन चालू. आम्ही हळूहळू पुढे सरकत राहिलो. आमचा नंबर लागला तेव्हा माझा काटा अर्ध्याकडे झुकला होता.

"बरं झालं आलो," पास्कल खिडकीतून ओरडला. "बघ किती जागा झाली टाकीत!"

पंपावरच्या मुलानं विचारलं, "फुल्ल करूं, सर?" आम्ही दोघांनी फुल्ल केलं. घरी येतोय तोवर फोनवर बातमी आली. भाव उतरला होता, लिटरमागे काही फिल्सनी, म्हणजे इथल्या पैशांनी. "म्हणजे आपले तीनेक दिरहम गेले, सत्तर-पंच्याहत्तर रुपये," मी हिशेब केला.

पास्कल गंभीर झाला. मग म्हणाला, "असू दे. पुढच्या महिन्यात वाढला तर आपण आधीच भरून ठेवलंय."

मला ते त्या वेळी पटलं होतं. अजूनही त्यात नक्की काय चुकीचं आहे ते मला नीट सांगता येत नाही.

* * *

हा किस्सा छोटासाच आहे, पण सांगतो. गाडी उन्हात राहिली तर आत बसल्यावर एसीला जास्त पेट्रोल लागतं, असं मी वाचलं. आमच्या गल्लीत एकच मोठं झाड. त्याची सावली सकाळी भिंतीकडे, दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी कचऱ्याच्या पेटीकडे. मी सावलीमागे गाडी हलवू लागलो. दर वेळी चालू करायची, गार करायची, हलवायची आणि बंद करायची.

महिनाअखेरी शैलानं विचारलं, "अहो, पेट्रोल भरपूर संपलंय. कुठे कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

* * *

आता जोगळेकर मॅडमचं घर.

मॅडम जुलै-ऑगस्ट पुण्याला भावाकडे असतात. इथे रिकामं घर तापू दिलं तर लाकूडकाम फुगतं, पुस्तकं खराब होतात, म्हणून लोक जाताना एसी अगदी मंद चालू ठेवून जातात. मॅडमनी किल्ली पास्कलकडे दिली. "आठवड्यातून दोनदा बघून ये."

पास्कल पहिल्यांदा बघून आला तो अस्वस्थ होऊन. "साठेभाऊ, तिकडे एसी चाललाय आणि माणूस नाही. इकडे आपण माणसं आहोत आणि एसीला घाबरतोय. हा काय हिशेब आहे?"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्या घरचा एसी बंद आणि आम्ही तिघं मॅडमच्या हॉलमध्ये. पास्कल सोफ्यावर, मी आरामखुर्चीत, शैला कोडी सोडवत. वस्तूंना आम्ही हात लावत नव्हतो. फक्त पाचच्या सुमाराला पास्कल मॅडमच्या विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवायचा. चहा, साखर, दूध आमचं. पाणीसुद्धा शैला घरून न्यायची, इतके आम्ही प्रामाणिक!

एक दिवस पुण्याहून फोन आला. पास्कलनं स्पीकरवर टाकला.

"पास्कल, सगळं ठीक आहे ना घरी?"

"एकदम ठीक, मॅडम. शांत आहे घर."

"हं. मी इथे विजेच्या ॲपवर बघत होते. माझ्या घराला दुपारी उकडायला लागतं आणि पाच वाजता ते चहा पितं. हे कधीपासून?"

पास्कलनं घाईघाईनं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. शैलाच पुढे सरकली आणि म्हणाली, "मॅडम, आम्हीच आहोत. मनूची अट आहे ना, म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मॅडम म्हणाल्या, "बसा तर मग. पण पडदे ओढून बसा. उन्हं थेट आत घेता आणि एसी वाढवता, आलेखात दिसतंय मला!"

* * *

पास्कलनं मध्येच गाडी बदलली, मुलानं त्याला सेकंडहँड हायब्रिड घेऊन दिली. ही गाडी पेट्रोलवर चालते आणि जमेल तेव्हा बॅटरीवर. उतारावर ब्रेक लावला की बॅटरी आपोआप भरते. हे कळल्यावर पास्कलची झोप उडाली. आमच्या गावाला डोंगर आहे! जेबेल हफीत. वळणावळणाचा रस्ता, वरपासून खालपर्यंत नुसता उतार.

"फुकट वीज, साठेभाऊ! सरकारनं रस्ता बांधून ठेवलाय आणि लोक नुसते फोटो काढायला जातात!"

ऑगस्टच्या शेवटी मॅडम परत आल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही चौघं डोंगरावर निघालो. पास्कलनं सांगून ठेवलं होतं, की घरात जे जे चार्ज करायचं असेल ते आणा. आम्ही सगळे फोन, शैलाचा टॅब, दोन पॉवर बँका, विजेरी आणि माझं दाढीचं मशीन पिशवीत घालून आणलं. चढताना एकही वायर लावू दिली नाही त्यानं. "थांबा. उतारावर."

वर पोचलो, चहा घेतला, आणि उतरताना गाडीत सगळीकडे वायरी! मॅडमच्या मांडीवर माझं मशीन. खाली आलो तर बॅटरीच्या सगळ्या रेघा भरलेल्या. पास्कलनं स्टिअरिंगवर थाप मारली. "बघा! फुल्ल!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "पास्कल, चढताना पेट्रोल किती गेलं?"

"ते गेलंच असेल थोडं."

"मग ही वीज फुकट कशी? पेट्रोल जाळून वर नेलेलीच गाडी खाली आली ना? त्यातलंही निम्मं वाऱ्यावर गेलं."

पास्कलनं गाडी कडेला घेतली. त्याला हे मुळापासून सांगावंसं वाटलं असावं. "मॅडम, पेट्रोल गाडीच्या खर्चात. वीज घराच्या खर्चात. मनूची अट विजेच्या बिलाची आहे, बरोबर? तुम्ही फिजिक्स बोलताय, मी बजेट बोलतोय!"

मॅडमनी मांडीवरचं मशीन उचललं आणि मला परत देत म्हणाल्या, "साठे, तुमचं झालंय चार्ज."

* * *

आणि मग मनू आली, निकाल लावायला.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. जावई कामासाठी सिंगापूरला, म्हणून एकटीच आली, नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन. पास्कल आणि मॅडम साक्षीदार म्हणून जेवायला होते. मनूनं जेवायच्या आधीच माझ्या फोनवर तिन्ही बिलं उघडली आणि एकेक बघत गेली. निम्म्याच्याही खाली! तिनं परत बघितली.

"हाउ?" ती म्हणाली. "आई, तुम्ही एसी लावत होतात ना? प्लीज टेल मी की तुम्ही उकाड्यात बसत नव्हतात."

"छे, आम्ही गारव्यातच होतो," शैला म्हणाली.

"मग कशामुळे कमी झालं?"

"गीझर," शैला म्हणाली. "फ्रिजमागचं बटण," मी म्हणालो. "पडदे," मॅडम म्हणाल्या. "डोंगर," पास्कल म्हणाला.

मनूनं फ्रिज उघडून बघितला, भरलेला होता. खाली जाऊन गाडीचे टायर बघितले, ठीक होते. माझी औषधं बघितली, शैलाचं गुडघ्याचं मलम बघितलं. कुठेच काही सापडेना. जेवताना ती आपल्या गाडीबद्दल पास्कलला सांगत होती. रीमहून अल ऐनला यायला निम्मीसुद्धा बॅटरी लागत नाही, आणि इथे मॉलमध्ये तिनं ती परत भरूनही घेतली. पास्कल डोळे मोठे करून ऐकत होता. मध्येच त्यानं नातीचा विषय काढला, तर मनू "शी इज सो हॅपी देअर" म्हणाली आणि तिनं आमटी वाढून घेतली. ताटात आधीची आमटी तशीच होती.

आंबेमोहोर भात झाला, श्रीखंड झालं. मग तिनं हात पुसले आणि म्हणाली, "ओके, बाबा. यू विन. राहा इथेच."

पास्कलनं टेबलावर थाप मारली. "मबरूक, अभिनंदन, साठेभाऊ! खलास!" मॅडमनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी श्रीखंड पुन्हा घेतलं, डॉक्टरनं बंद केलेलं असताना. मनूनं एरवी ते हिसकावून घेतलं असतं. आज तिचं लक्षच नव्हतं.

चारच्या सुमाराला पास्कल आणि मॅडम गेले. मनूही निघाली. उद्या ऑफिस नाही, या आठवड्यात घरूनच काम आहे, असं ती दोनदा म्हणाली. शैलानं डबा बांधून दिला. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो, ती गाडीत बसली, दार लागलं. आम्ही हात हलवायला लागलो.

या गाड्यांचं मला कळत नाही. आवाजच नाही! चालू झाली की बंद आहे, काय समजायचं? आम्ही हात हलवतोय. गाडी तिथेच. मी हात बदलला.

"अहो, ती जात का नाही?" शैला म्हणाली.

"गरम होत असेल."

"ही गरम होत नाही. पास्कल म्हणाला."

शेवटी मी गेलो. मनूनं काच खाली केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळ्यांवर काळा चष्मा, नजर समोर रस्त्यावर.

"काय झालं गं?"

"बाबा, बॅटरी लो आहे," ती म्हणाली. "आय डोन्ट थिंक आय विल मेक इट."

समोर पाटीएवढा स्क्रीन होता. इतक्या महिन्यांत मी जे जे आकडे बघितले ते सगळे चुकीचे तरी निघाले किंवा माझ्या डोक्यावरून तरी गेले. हा मात्र चष्म्याशिवाय वाचता आला. एक्क्याऐंशी टक्के.

मी मनूकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"हो गं," मी म्हणालो. "फारच कमी आहे."

तोवर शैला मागून आली. "काय झालं हो?"

"गाडीत चार्ज नाही. आपल्याकडे लावायला लागेल. रात्रभर."

शैला वाकली. पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून डोकं आत घालून स्क्रीन नीट वाचला. मग लेकीच्या मांडीवरचा डबा काढून घेतला.

"एका रात्रीत नाही व्हायचं हे," ती म्हणाली. "चार-पाच दिवस तरी लागतील."